बीडहून घानाला फोन : आवाजाचा भाव कोण ठरवतो?

"फोन आता फुकट झालाय" हे वाक्य आपण रोज ऐकतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि पुण्यातली आई बोस्टनमधल्या मुलीशी तासन्‌तास व्हिडिओवर बोलू लागली. जग जवळ आलं, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. आमचा प्रश्न साधा आहे : कुणाचं जग जवळ आलं? ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे, घरात वीज आहे, वाचता येतं आणि ज्याचा नातेवाईक अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात आहे, त्याचं जग जवळ आलं. ज्या माउलीच्या हातात कीपॅडचा फोन आहे, जी सहा महिने उसाच्या फडात असते आणि जिचा मुलगा पश्चिम आफ्रिकेत लोखंडाच्या भट्टीसमोर उभा आहे, तिच्यासाठी फोन आजही महाग आहे. आणि तो महाग का आहे, हे कुणी तिला सांगत नाही.

या लेखात आम्ही तेच सांगणार आहोत. फोनचे दर हा चळवळीचा विषय आहे का, असं काही कार्यकर्ते विचारतील. आमचं उत्तर : आहे. ज्याच्या हातात फोन, त्याच्या हातात मजूर. हे आम्ही पुस्तकात वाचलेलं नाही, बीड जिल्ह्यात काम करताना बघितलेलं आहे.

मुकादम आणि एजंट

परळी तालुक्यातलं एक कुटुंब आहे. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण मुलगा अजून तिकडेच कामाला आहे. आई-वडील ऊसतोड कामगार. दरवर्षी कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात. मुलाने दहावीनंतर आयटीआय केलं, फिटर झाला. परळीत औष्णिक वीज केंद्र आहे, त्यामुळे फिटर झालेल्या पोराला गावातच काम मिळेल असं घरच्यांना वाटलं. काम मिळालं, पण ठेकेदाराकडे. आज आहे, उद्या नाही. मग ओळखीतून एक एजंट भेटला. घानामध्ये तेमा नावाचं बंदराचं शहर आहे, राजधानी अक्राच्या शेजारी. तिथे भारतीय मालकांचेही कारखाने आहेत. पगार इथल्यापेक्षा बरा, राहणं-खाणं कंपनीचं. एजंटला द्यायचे पैसे मावशींनी कुठून आणले, हे बीडच्या वाचकाला सांगायची गरज नाही. मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली.

म्हणजे मुलाचं विमान आईच्या उचलीवर उडालं. मुकादम आधी पैसे देतो आणि माणूस बांधून घेतो. एजंट आधी पैसे घेतो आणि माणूस बांधून देतो. दोघांच्या हिशेबाची वही मजुराला कधी दिसत नाही. एम.ए.ला समाजशास्त्रात आम्हाला स्थलांतराचे 'ढकलणारे' आणि 'ओढणारे' घटक शिकवले होते. दुष्काळ ढकलतो, मजुरी ओढते. तक्ता बरोबर होता, पण त्यात एक रकाना नव्हता : जाणाऱ्याचा दोर कुणाच्या हातात राहतो? बीडमध्ये हा दोर बहुतेक वेळा जमीन असलेल्याच्या, ओळख असलेल्याच्या आणि फोन असलेल्याच्या हातात असतो. आणि जमीन, ओळख या गोष्टी आपल्याकडे जातीप्रमाणे वाटल्या गेल्या आहेत.

फडावरची गोष्ट बघा. जुन्या मावश्या सांगतात, आधी अख्ख्या टोळीत फोन असायचा तो मुकादमाकडे. गावाकडे म्हातारी आजारी पडली तरी निरोप मुकादमाच्या फोनवर यायचा, आणि तो कधी सांगायचा हे मुकादम ठरवायचा. मजूर निघून गेला तर तोडणी थांबते ना! तेमाच्या कारखान्यातही हेच नव्या रूपात आहे. मुलगा सांगतो, खोलीवर कंपनीचं वायफाय आहे, पण पासवर्ड सुपरवायझरकडे. तक्रार केली की पासवर्ड बदलतो. पगार दोन महिने थकला तेव्हा काही जणांनी घरी फोन करून सांगितलं, त्यानंतर आठवडाभर 'नेट खराब' होतं.

आपण लावला तर महाग, त्याने लावला तर स्वस्त

आता दराकडे येऊ. मुलगा गेल्यावर पहिल्यांदा मावशींनी आमच्याकडे मोबाईल आणून दिला आणि म्हणाल्या, "दादा, ह्याच्यावरून लावून द्या की." आम्ही दोनशे तेहेतीस, म्हणजे घानाचा कोड टाकून नंबर लावला. लागला नाही, कारण त्या सिमवर आयएसडी सुविधाच चालू नव्हती. ती चालू करून शंभर रुपये टाकले. "जेवलास का रं?" इथून सुरू झालेलं बोलणं पगारापर्यंत यायच्या आत फोन कट झाला. मावशींना वाटलं पोराने ठेवला.

हे समजून घ्यायचं तर फोनच्या बाजाराचं एक सूत्र लक्षात ठेवावं लागतं. कॉल ज्या देशात पोहोचतो, त्या देशातली कंपनी शेवटच्या टप्प्याचं भाडं घेते. टोलनाक्यासारखं. आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या कॉलवरचा हा टोल ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण ठरवतं. २०१८ च्या फेब्रुवारीत तो मिनिटाला ५३ पैशांवरून ३० पैशांवर आणला होता. मे २०२० पासून तो ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान ठेवायचं ठरलं. म्हणजे जगातून कुणीही भारतात फोन लावला तर इथला टोल रुपयाच्या आत.

घानाने २००९ मध्ये कायदा करून बाहेरून येणाऱ्या कॉलचा किमान दर मिनिटाला १९ अमेरिकी सेंट ठरवला. त्यातले ६ सेंट सरकारच्या तिजोरीत, उरलेले कंपनीला. आजच्या विनिमय दराने १९ सेंट म्हणजे पंधरा रुपयांच्या वर. त्याच भागातल्या नायजेरियाने २०२२ मध्ये हा दर साडेचार सेंट केला होता. त्यावर आपल्या कंपनीचा नफा, मधल्या कंपन्यांचं कमिशन आणि कर. म्हणून बीडहून अमेरिकेला बोलणं स्वस्त आणि अक्राला बोलणं महाग. अंतराचा यात फारसा संबंध नाही.

घानाला शिव्या घालणं सोपं आहे. पण त्या देशाची बाजूही ऐकली पाहिजे. युरोप-अमेरिकेतून येणाऱ्या कॉलवर चार पैसे मिळावेत, असा वसाहतवादातून सुटलेल्या गरीब देशाचा त्यामागचा विचार होता. गोऱ्या देशांच्या खिशातून वसूल करायला लावलेला टोल परळीच्या ऊसतोड बाईच्या पदराच्या गाठीतून जातो, हा खरा विनोद आहे. बाजारात नियम करताना गरिबाला कुणी विचारत नाही, दोन्ही किनाऱ्यांवर.

या गणितातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. इकडून तिकडे लावणं महाग, पण तिकडून इकडे लावणं बहुतेक वेळा बरंच स्वस्त. कारण टोल आपल्याकडे कमी आहे. म्हणून आईने फोन लावायचा नाही, मुलाने लावायचा. आईने फक्त मिस कॉल द्यायचा. मिस कॉल ही तर आपल्या लोकांची जुनी विद्या आहे.

इनकमिंग मोफत होतं

पण इथे दुसरी अडचण उभी राहते. ज्यांचं वय चाळिशीच्या आसपास आहे त्यांना पिवळ्या बोर्डाचे एसटीडी-आयएसडी-पीसीओ आठवत असतील. रात्री अकरानंतर एसटीडीचे दर उतरायचे म्हणून लोक बूथसमोर ताटकळायचे. परदेशी कॉलवर व्हीएसएनएलची मक्तेदारी होती. ती १ एप्रिल २००२ ला संपली, त्याच दिवसापासून इंटरनेटवरून फोन करायलाही कायदेशीर परवानगी मिळाली. १ मे २००३ पासून मोबाईलवर येणारा कॉल मोफत झाला. गरिबाच्या हातात फोन आला तो या निर्णयामुळे. स्वतः लावता येत नसेल तरी कुणी लावला तर उचलता तरी यायचा.

२०१८ च्या अखेरीपासून कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. रिचार्ज संपला की काही दिवसांनी येणारा कॉलही बंद. म्हणजे मुलगा घानाहून स्वतःच्या पैशाने लावतोय, तरी आईचा फोन मुका, कारण आईचा पॅक संपलाय. वर त्या पॅकमध्ये डेटा कोंबलेला. कीपॅडच्या फोनवर रोजचा दीड जीबी डेटा घेऊन मावशींनी काय करायचं? त्याची भाकरी भाजायची? शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की डेटाशिवाय, फक्त कॉल आणि एसएमएसचं व्हाउचर द्यावंच लागेल. अशी व्हाउचर आता मिळतात. पण गावातला रिचार्जवाला ती स्वतःहून सांगत नाही. ती मागून घ्यायची असतात, आणि आपल्याला मागायचं काय हेच माहीत नसतं.

"व्हॉट्सॲप करा ना!"

शहरातले मित्र लगेच म्हणतात, एवढं कशाला, व्हॉट्सॲप करा ना! दुबईहून परत आलेले लोक याच्या उलट सांगतात की परदेशात व्हॉट्सॲप कॉल चालतच नाही. त्यांचं त्यांच्यापुरतं खरं आहे, संयुक्त अरब अमिरातीत तो अडवलेला आहे. घानात आणि नायजेरियात मात्र चालतो. तेव्हा मुलाच्या बाजूने व्हॉट्सॲप हा चांगला रस्ता आहे. अडतं ते आपल्या बाजूला.

फडावरच्या कोपीत वीज नाही. फोन चार्ज करायचा तर टायर गाडीवाल्याकडे किंवा कारखान्याच्या रस्त्यावरच्या टपरीवर द्यायचा, तेही पैसे मोजून. मावशींना अक्षरओळख नाही. घड्याळही आडवं येतं. घाना आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. मुलगा रात्री आठला जेवून मोकळा होतो तेव्हा इथे दीड वाजलेला असतो आणि मावशी पहाटे तीन-चारला उठायचं म्हणून झोपलेल्या असतात. तो उठतो तेव्हा त्या फडात मोळ्या बांधत असतात. दोघांच्या दिवसात एकच फट सापडली : त्याची दुपारी साडेबाराची जेवणाची सुट्टी, म्हणजे आपले संध्याकाळचे सहा. मावशी फडातून कोपीवर आलेल्या असतात, चूल पेटायची असते.

मग आमच्या कार्यकर्त्या पोरांनी एक जुगाड केलं. एका स्मार्टफोनवर घानाला व्हॉट्सॲप कॉल, दुसऱ्या फोनवरून मावशींना साधा कॉल, दोन्ही स्पीकरवर, आणि दोन फोन टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवायचे. आवाज थोडा घुमतो, पण वेगळा पैसा लागत नाही. अशा रीतीने गेले दोन हंगाम माय-लेकरं बोलतात. फक्त एक गोष्ट खटकते : त्यांच्या बोलण्याला आम्ही हजर असतो. आईला मुलाशी एकट्याने बोलता यावं, हाही अधिकारच आहे. त्यावर पुढे येतो.

१४ मार्च २०२४ ला मात्र हे सगळं बंद पडलं. आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहराजवळ समुद्रतळावरच्या चार केबल एकाच वेळी तुटल्या आणि घाना, नायजेरिया, लायबेरियासह पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक देशांचं इंटरनेट कोलमडलं. पूर्ण दुरुस्तीला पुढे काही आठवडे लागले. त्यातली एक केबल, सॅट-३, हिची गंमत बघा. २००२ पासून ती पोर्तुगालहून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिण आफ्रिकेपर्यंत जाते, आणि तिथून तिचीच जोड असलेली सेफ नावाची केबल आपल्या कोचीला येऊन लागते. अक्रा आणि कोची एका दोरीने बांधलेले आहेत, पण त्या दोरीवर आपला हक्क किती?

त्या वेळी हंगाम संपत आला होता. मावशी सांगली जिल्ह्यात होत्या. तीन दिवस मुलाचा आवाज नाही. व्हॉट्सॲपवर एकच टिक. एजंटचा फोन बंद. आणि अशा वेळी गावात जे होतं तेच झालं, कुणीतरी म्हणालं, "आफ्रिकेत भांडणं चालू हायेत म्हणं." मावशींनी कोयता टाकला आणि कोपीत बसून राहिल्या. मुकादम म्हणाला, तोडणी थांबवली तर खाडा धरीन. आम्ही बीडहून महागाचा आयएसडी लावत राहिलो. कित्येक प्रयत्नांनी लागला. मुलगा पलीकडून म्हणाला, "दादा, मी ठीक हाये, हितलं नेट गेलंय." तो कॉल चालू ठेवून मावशींचा नंबर कॉन्फरन्समध्ये घेतला. दोघं किती बोलले? मावशी फक्त "हाईस ना?" एवढंच तीनदा म्हणाल्या. तेवढ्यासाठी जे पैसे गेले, ते त्यांच्या एका दिवसाच्या मजुरीच्या जवळपास होते. फुकट फोन तुटला की गरिबाला महागाचाच फोन उरतो, आणि नेमकं संकटात.

आवाजाने काय होतं?

कुणाला वाटेल, ख्यालीखुशालीसाठी एवढा आटापिटा कशाला? म्हणून दोन उदाहरणं देतो.

२०२४ च्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेला लागून असलेल्या कॅमेरूनमध्ये झारखंडचे ४७ मजूर पगार थकून अडकले होते. त्यांनी व्हिडिओ काढून पाठवला. तो पसरला, झारखंड सरकारला जाग आली, कंपनी आणि दलालांवर गुन्हा दाखल झाला आणि मजूर टप्प्याटप्प्याने घरी आले. त्यांना सोडवलं ते आधी त्यांच्या स्वतःच्या आवाजाने. एप्रिल २०२५ मध्ये नायजर देशातून झारखंडच्याच गिरिडीह जिल्ह्यातल्या पाच मजुरांचं अपहरण झालं. जुलै २०२५ मध्ये मालीतल्या एका सिमेंट कारखान्यातून तीन भारतीयांना पळवून नेलं. अशा ठिकाणी काम करणाऱ्याचा शेवटचा फोन कधी आला होता, कुठून आला होता, सोबत कोण होतं, एवढी माहितीही घरच्यांकडे असेल तर शोधाला दिशा मिळते.

आणि सरकार? परदेशी जाणाऱ्या कमी शिकलेल्या मजुराला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याचं थोडंफार संरक्षण आहे. पण ते १८ देशांपुरतं. घाना, नायजेरिया, माली, नायजर त्या यादीत नाहीत. शिवाय दहावी झालेल्याच्या पासपोर्टवर तपासणीचा शिक्काच नसतो. आमचा मुलगा दहावी पास आणि गेला घानाला. म्हणजे तो दोन्ही दारांतून कायद्याच्या बाहेर. शिकला म्हणून संरक्षण गेलं, आणि चुकीच्या देशात गेला म्हणूनही गेलं! ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी राज्य नाही. मग त्याच्या आणि घराच्या मधला फोन हेच त्याचं सरकार.

फोनवरून आणखी एक गोष्ट येते. मुलाने सांगितलं, कारखान्याच्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात भारतीय सहकाऱ्यांनी आडनाव विचारलं. त्यावरून अंदाज येईना म्हणून गाव विचारलं, मग घरात कोणता देव आहे ते विचारलं. सात समुद्र ओलांडले तरी जात बोर्डिंग पास न काढता विमानात बसलेली असते. मावशी ऐकून म्हणाल्या, "सांग की, बाबासाहेबाला मानतो म्हणून. त्यात काय भ्यायचं?" त्या एका वाक्याने पोरगं सावरलं. हे वाक्य एसएमएसमधून गेलं नसतं.

त्याच खोलीशेजारी नायजेरियाचा एक वेल्डर राहतो, इग्बो समाजाचा. त्याने या मुलाला ओसू प्रथेबद्दल सांगितलं. पूर्वी देवाला वाहिलेल्या माणसांचे वंशज ते ओसू. त्यांच्याशी लग्न नको, त्यांना मान नको. १९५६ मध्ये तेव्हाच्या पूर्व नायजेरियाने कायदा करून ही प्रथा रद्द केली. तरी लग्न ठरवताना आजही चौकशी होते, असं तो वेल्डर म्हणाला. चिनुआ अचेबे यांच्या १९६० च्या 'नो लाँगर ॲट ईझ' या कादंबरीत शिकलेल्या नायकाचं प्रेम याच भिंतीवर आपटतं. आमच्या अभ्यास वर्गात मुलाने स्पीकरवरून हे सांगितलं तेव्हा पोरं थक्क झाली. आपल्याकडे अनुच्छेद १७ आहे, तिकडे १९५६ चा कायदा, आणि दोन्हीकडे लग्नाचा मांडव कायद्याला जुमानत नाही. असा संवाद परिसंवादाच्या तिकिटांतून क्वचित होतो. तो दोन मजुरांच्या खोलीत झाला आणि फोनवरून परळीला पोहोचला.

कार्यकर्त्यांनी काय करावं?

आमच्या अनुभवातून काही कामाच्या गोष्टी :

१. फोन तिकडून यावा, इकडून मिस कॉल. मुलाने इंटरनेटवरून थेट साध्या फोनवर कॉल लावणारं ॲप वापरलं तर आईला स्मार्टफोन लागत नाही, मध्ये आपणही लागत नाही. स्काईप यासाठी प्रसिद्ध होतं, ते ५ मे २०२५ ला बंद झालं. त्यामुळे कोणत्याही ॲपमध्ये एकदम मोठी रक्कम भरू नये, थोडी भरून आधी तपासावं.

२. आईच्या फोनवर डेटाशिवायचं, जास्त मुदतीचं व्हाउचर मागून घ्यावं. हंगामाला निघण्यापूर्वी मुदत बघावी. येणारा कॉल बंद होऊ देऊ नये.

३. संकटासाठी घरातल्या किंवा शाखेतल्या एका फोनवर आयएसडी चालू ठेवावं आणि त्या देशाचा पॅक आहे का ते कंपनीला विचारून लिहून ठेवावं. पॅक नसेल तर मिनिटाचा दर आधी विचारावा.

४. अनोळखी परदेशी नंबरवरून एकच रिंग आली तर उलट फोन करू नये. घाना २३३, नायजेरिया २३४, लायबेरिया २३१, सिएरा लिओन २३२, माली २२३, सेनेगल २२१. आपलं माणूस ज्या देशात आहे तो कोड घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. बाकी कोडवरून येणारी रिंग अनेकदा बॅलन्स खाणारा सापळा असतो.

५. मुलाचा कॉल आला आणि स्क्रीनवर भारतातलाच दहा आकडी नंबर दिसला तर समजावं की तो कॉल कदाचित सिम बॉक्समधून, म्हणजे बेकायदा एक्स्चेंजमधून आला आहे. अशा धंद्याला सिम लागतात आणि ती गरिबांच्या नावावर काढली जातात. पाचशे रुपये देतो, आधार दे आणि बोट लाव, असं कुणी म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणावं. धंदा त्याचा आणि पोलीस आपल्या दारात, असं होतं.

६. प्रत्येक तालुक्यात एक वही करावी. परदेशी गेलेल्याचं नाव, कंपनी, राहण्याचा पत्ता, दोन सहकाऱ्यांचे नंबर, पासपोर्टची प्रत, एजंटचं नाव. घाना राष्ट्रकुलात असल्याने तिथे भारताचा दूतावास नसून उच्चायुक्तालय आहे, अक्रा येथे, नायजेरियाचं अबुजात. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते. अडकलेल्यांसाठी दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. हे मागावं लागतं, आपोआप मिळत नाही.

मागणी

वही आपण करू, पण जबाबदारी सरकारची आहे. उत्प्रवासन कायद्याचं संरक्षण १८ देशांच्या बाहेर गेलेल्या मजुरालाही मिळालं पाहिजे. झारखंडमध्ये स्थलांतरितांसाठी राज्य नियंत्रण कक्ष आहे. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथून लाखो माणसं दरवर्षी बाहेर पडतात, तसा कक्ष जिल्हाधिकारी कार्यालयात हवा आणि त्यात परदेशी गेलेल्यांचीही नोंद हवी. दूरसंचार कंपन्यांकडून गोळा होणारा जो निधी आता डिजिटल भारत निधी म्हणून ओळखला जातो, त्याच्यावर फडावरच्या मजुराचाही हक्क आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं आहे. त्यातून कोप्यांच्या तळावर फोन चार्ज करायची सोय होऊ नये, एवढं ते महाग आहे का? आणि ट्रायने एक नियम करावा : रिचार्ज संपला तरी येणारा कॉल बंद होणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलं की इंटरनेटच्या माध्यमातून होणाऱ्या अभिव्यक्तीला अनुच्छेद १९ चं संरक्षण आहे. ते संरक्षण कागदावरून कोपीपर्यंत यायचं तर त्याला चार्जर लागतो, रिचार्ज लागतो आणि परवडणारा दर लागतो.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी आपलं पहिलं पाक्षिक काढलं तेव्हा त्याचं नाव 'मूकनायक' ठेवलं. ज्यांना आवाज नाही त्यांचा नायक. शंभर वर्षांनी आपल्या माणसांना आवाज आहे, पण त्याच्यावर मिनिटाचा मीटर लावलेला आहे आणि मीटरची चावी कधी मुकादमाकडे, कधी सुपरवायझरकडे, कधी कंपनीकडे आहे. ती चावी हातात घेणं हे आपलं काम आहे.

अशोक विजयादशमी झाली की टोळ्या निघतील. त्याआधी आपापल्या वस्तीत एक संध्याकाळ काढा. कोणाचं कोण कुठे आहे ते विचारा, वही उघडा, फोन तपासा. नागपूरला दीक्षाभूमीवर निघण्याआधी एवढं झालं तरी पुरे. तुमच्या तालुक्यातून कोण कोणत्या देशात आहे आणि तुम्ही काय मार्ग काढला, ते आम्हाला जरूर कळवा.

जय भीम!